बावीस दिवसांचं टपाल

तेहेतीस वर्षं स्पॅनिश शिकवून निवृत्त होणाऱ्या बाईंना शिक्षिका व्हायचंच नव्हतं. त्यांना दुभाषी व्हायचं होतं. मोठ्या सभांमध्ये मागे काचेची एक खोली असते. तिच्यात कानाला यंत्र लावून बसायचं, एकजण बोलेल ते दुसऱ्याच्या भाषेत त्याच क्षणी सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. चोविसाव्या वर्षी बाईंना हे जगातलं सगळ्यात स्वच्छ काम वाटायचं. परीक्षा दिलेली होती, निकाल चांगला होता, फक्त जागा निघायची होती.

"तोवर घरात बसून छताकडे बघत राहण्यापेक्षा कुठेतरी जा," आई म्हणाली. जवळच्या शाळेतली स्पॅनिशची शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. सहा महिन्यांची बदली जागा होती. सहा महिने म्हणजे काय, असे निघून जातील, असं म्हणून बाई गेल्या. माणूस आयुष्यभराच्या गोष्टीत शिरतो तेव्हा बहुतेक वेळा सहा महिन्यांच्याच दारातून शिरतो.

हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. "नऊ मुलं आहेत. पुढच्या वर्षी पंधरा भरली नाहीत तर विषय बंद. चित्रकलेची पोरं व्हरांड्यात बसतात, मला ती खोली हवी आहे."

ती नऊ मुलंसुद्धा हौसेने आलेली नव्हती. बाकीच्या विषयांत जागा उरली नाही म्हणून त्यांना इकडे ढकललं होतं. पहिल्या तासाला बाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला आणि वाचून दाखवला, "ओय." वर्ग फिस्सकन हसला. "ओय म्हणजे आज," बाई म्हणाल्या. "रोज तास सुरू व्हायच्या आधी एकाने फळ्यावर लिहायचं, ओय, आणि पुढे वार. आजपासून तू लिही." ही 'तू' म्हणजे पुढच्या बाकावरची लांब वेणीची मुलगी. वर्गात तिला सगळे वेणीच म्हणायचे. ती रोज अर्धा मिनिट आधी यायची, ओय लिहायची, हात झटकायची आणि बाकावर बसायची. बाईंना ती प्रोफेसोरा म्हणायची, म्हणजे बाईच, पण तिच्या तोंडून ऐकताना बाईंनाच आपण कोणीतरी असल्यासारखं वाटायचं.

मुलांना भाषेची गोडी लागावी म्हणून बाईंनी पत्रमैत्रीचा घाट घातला. समुद्रापलीकडच्या एका शाळेचा पत्ता त्यांच्या जुन्या प्राध्यापकांनी दिला होता. रीत अशी ठरली की मुलांनी आधी वहीत मसुदा लिहायचा, बाईंनी लाल पेनने तपासायचा, मग चांगल्या कागदावर उतरवून मुलाने स्वतः पाकिटात घालायचा. "पाकीट चिकटवलं की ते तुमचं," बाई सांगायच्या. "मी उघडणार नाही. मनातलं काही जास्त लिहायचं असेल तर खुशाल लिहा." नऊ पाकिटं एका मोठ्या पुडक्यात गेली. बावीस दिवसांनी तसंच एक पुडकं बाईंच्या घरच्या पत्त्यावर आलं. त्यात आठ पाकिटं होती. वेणीला उत्तर नव्हतं.

बाईंनी पुडकं तीनदा झटकून पाहिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात आठ मुलं पाकिटं फाडतील आणि वेणी हात मांडीवर ठेवून बघत बसेल, हे त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्या खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी एक मुलगी तयार केली. ती दीपगृहात राहते, वडील दिवा सांभाळतात, ती डावखुरी आहे म्हणून अक्षर मागे कलतं, शाई जांभळी, आणि तिच्याकडे एक लंगडा कुत्रा आहे जो लाटांवर भुंकतो. पाऊण तासात मैत्रीण तयार झाली. इतकी चांगली झाली की खऱ्या आठ पत्रांना कोणी विचारेना. खऱ्या मुलांनी आपलं वय आणि आवडता खेळ लिहून हात वर केले होते. वेणीचं पत्र मात्र मधल्या सुट्टीत शाळाभर फिरलं.

पुढच्या वर्षी तेवीस मुलांनी स्पॅनिश घेतलं. चित्रकलेची पोरं व्हरांड्यातच राहिली. रजेवरची शिक्षिका परत आलीच नाही, आणि हेडमास्तर बाईंना "आमच्या स्पॅनिशवाल्या बाई" म्हणायला लागले. आणि नेमकं तेव्हाच समुद्रापलीकडून दोन ओळींचं पत्र आलं. तिथल्या शिक्षकाची बदली झाली होती, नव्याला या उद्योगात रस नव्हता, क्षमस्व.

इथे बाईंनी वर्गात उभं राहून खरं सांगायला हवं होतं. त्यांनी बाजारातून चार रंगांच्या शाया आणल्या. शाळा सुटल्यावर भूगोलाच्या खोलीत बसून तेवीस मुलांना तेवीस मित्र लिहिले. कोणी तिरपं अक्षर, कोणी ठसठशीत, कोणी डाव्या हाताने. मुलांनी भिंतीवर एक तक्ता लावला होता, जायला अकरा दिवस, यायला अकरा दिवस, खाली पुडकं गेल्याच्या आणि आल्याच्या तारखा. तक्त्याची कल्पना बाईंचीच. मुलं त्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. मुलांची पाकिटं बाई घरी नेत, वाफेवर उघडत, वाचत, उत्तरं लिहीत आणि बरोबर बाविसाव्या दिवशी "आलं रे पुडकं" म्हणून वर्गात येत. उघडणार नाही म्हटलेलं पाकीट उघडताना पहिल्यांदा त्यांनी दाराला आतून कडी लावली. दुसऱ्यांदा नाही लावली.

त्याच वर्षी दुभाष्याची जागा निघाली. पंधरा दिवसांत रुजू व्हा, असं पत्र आलं. बाई ते हातात धरून स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. गेलं तर आपल्या जागी नवीन माणूस येणार, तो पहिलं विचारणार, पत्ता कुठाय, आणि तेवीस मुलांना कळणार की आपल्या बाई आपल्याला वर्षभर बनवत होत्या. इकडे हेडमास्तरांनी तपासणी झाली की कायम करतो म्हणून शब्द दिला होता. बाईंनी घरगुती अडचणीमुळे रुजू होऊ शकत नसल्याचं कळवलं.

"घरगुती अडचण कोण?" आईने विचारलं. "मी?"

"मुलांचं नुकसान होईल, आई."

"मुलांचं काय होतंय! मुलं दुसऱ्या दिवशी विसरतात," आई म्हणाली आणि पोळी उलटली. आईचं म्हणणं किती खरं होतं ते बाईंना पुढे कळायचं होतं. लोक म्हणतात, अमक्याने नोकरी धरून ठेवली. बाईंच्या बाबतीत नोकरीनेच त्यांना धरून ठेवलं, आणि तेही त्यांनी स्वतः वळलेल्या दोरीने.

आता वेणीचं सांगतो. त्या वर्षी तिची आई वारली होती. वहीतले मसुदे नेहमीसारखेच होते, हवापाणी, परीक्षा, मामाचं नवं घर. पण पुडकं पाठवलं त्याच संध्याकाळी बाईंनी तिचं पाकीट वाफेवर धरलं, तर आत मसुद्यातलं काहीच नव्हतं. लिहिलं होतं, बाबा मला पुढच्या महिन्यात आत्याकडे पाठवणार आहेत. आत्याच्या घरी अकरा माणसं आहेत आणि काम करायला कोणी नाही. शाळा बंद होणार. प्रोफेसोरांना सांगू का? त्या बाबांशी बोलल्या तर बाबा ऐकतील असं वाटतं. पण घरातलं बाहेर सांगितलं म्हणून त्या रागावल्या तर? तू सांगशील तसं मी करीन.

बाईंच्या हातात लाल पेन होतं. तिसऱ्या ओळीतल्या एका चुकीच्या क्रियापदाखाली त्यांनी रेघ मारली. मारली तेव्हा त्यांना समजलंही नाही. मग पुढचं वाचलं, आणि पेन खाली ठेवलं.

त्यांनी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. घाईत जांभळी शाई विसरली, डावखुरं अक्षर विसरलं, स्वतःच्या हातवळणाने चार ओळी लिहिल्या. प्रोफेसोरांना सांग. आज सांग. त्या रागावणार नाहीत. तुझी शाळा बंद होऊ देणार नाहीत. वर तारीख घातली. आणि मग त्यांना भिंतीवरचा तक्ता आठवला.

पुडकं आज गेलं होतं. उत्तर उद्या कसं येईल? मुलं तोंडात बोटं घालतील. तेवीस पाकिटांचं बिंग फुटेल, तेही तपासणीच्या तोंडावर. बाईंनी हिशेब केला, आत्याकडे जायचं पुढच्या महिन्यात आहे, बावीसच्या जागी अठरा दिवस केले तर खपून जाईल. तोवर बाकीची बावीस उत्तरं होतील आणि हे जांभळ्या शाईत उतरवताही येईल. त्यांनी कागदाची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी ती वर्गातल्या टेबलाच्या खणात ठेवली. ज्या बाईला वेणी विचारत होती तीच बाई होती, उत्तर तयार होतं, मुलगी रोज हाताच्या अंतरावर बसत होती, आणि मधे अकरा अधिक अकरा दिवसांचा समुद्र बाईंनीच घालून ठेवला होता.

अगदीच काही केलं नाही असं नाही. एक दिवस तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवलं.

"काय गं, घरी सगळं बरं आहे ना?"

"हो, प्रोफेसोरा."

"काही सांगायचं असलं तर सांग हो."

वेणीने वर पाहिलं. ओठ हललेसे वाटले. मग तिची नजर तक्त्याकडे गेली आणि ती म्हणाली, "पुडकं यायला अजून तेरा दिवस आहेत ना?"

"तेरा," बाई म्हणाल्या.

"मग सांगेन," वेणी म्हणाली आणि दप्तर उचलून गेली. त्या क्षणी तिला हाक मारायला काय लागलं होतं? काही नाही. बाईंनी पुढे आयुष्यभर ती हाक मनात मारली, कधी भात परतताना, कधी दात घासताना. त्या दिवशी तपासणीचे कागद भरायचे होते.

सतराव्या दिवशी फळ्यावर ओय लिहिलेलं नव्हतं. बाक रिकामा होता. बाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्या घरी गेल्या. वडील दाराशी बूट पुसत बसले होते. साधे, थकलेले, बायकोमागे घर कसं चालवायचं ते न कळलेले गृहस्थ होते. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं, मुलगी हुशार आहे, मी शिकवणी देईन, फी माफ करवून घेईन, जेवायला माझ्याकडे राहिली तरी चालेल. वडिलांनी फडकं खाली ठेवलं.

"रविवारी गाडीत बसवून दिलं तिला," ते म्हणाले. "बाई, मी काय राक्षस आहे? शाळेतलं कोणी असं येऊन म्हणालं असतं तर मी कशाला पाठवली असती? आता शब्द दिलाय बहिणीला. चार दिवस आधी आला असतात तर..." आणि ते पुन्हा बुटाला लागले.

बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की ती शाळा बंद पडली, पत्रं संपली. मुलं हळहळली. दोन दिवसांनी त्यांना एक नवा चेंडूचा खेळ सापडला आणि तक्ता कोणी काढला तेही कळलं नाही. पुढच्या वर्षी पत्रांशिवायच तीस मुलांनी स्पॅनिश घेतलं. म्हणजे पत्रांची गरज नव्हतीच. बाई बऱ्यापैकी शिकवत होत्या, तेवढं पुरेसं होतं. हे कळल्यावर त्यांना इतका राग आला की महिनाभर त्या आरशात धड पाहत नव्हत्या.

तपासणी झाली, बाई कायम झाल्या. काचेच्या खोलीच्या परीक्षेला वयाची अट होती, ती उलटली. आई गेली. लोक विचारत, इतकी चांगली भाषा येते, इथे कशाला सडताय? बाई हसून टाळत. मनात म्हणत, ती कधी परत आली तर इथे कोणीतरी असायला हवं. हे कारण खरं होतं की सोयीचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एवढं मात्र झालं की बाईंनी पुन्हा कोणाचंही उत्तर उद्यावर टाकलं नाही. वह्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत. मुलाने काही विचारलं की लगेच, चहा गार झाला तरी चालेल. "स्पॅनिशवाल्या बाई म्हणजे घड्याळ," असं नवे शिक्षक म्हणायचे. कौतुकाने म्हणायचे, बिचारे.

निरोप समारंभाच्या दिवशी दुपारी बाई रिकाम्या वर्गात कपाट आवरत होत्या. भाषणाचा कागद टेबलावर होता. पहिलंच वाक्य हशा पिकवणारं होतं, मला शिक्षिका व्हायचंच नव्हतं. तेवढ्यात दारात एक पन्नाशीकडे झुकलेली बाई येऊन उभी राहिली. अंगावर पांढरा अंगरखा, केस आखूड कापलेले, हातात चहा-नाश्त्याची यादी.

"चहा-नाश्त्याचं काम माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "किती वाजता आणायचं ते विचारायला आले." मग तिने फळ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातला खडू उचलला आणि लिहिलं, ओय. हात झटकला. "ओळखलंत?"

"वेणी," बाई म्हणाल्या.

वेणी पुढच्या बाकावर बसली, तिच्याच जागी. तिने सरळ सांगितलं. आत्याकडे नऊ वर्षं भांडी आणि स्वयंपाक केला. मग लग्न झालं. नवरा लवकर गेला. जे काम आत्याने फुकट करून घेतलं तेच लोकांसाठी करायला लागली. आता हाताखाली चार माणसं आहेत. बाई ऐकत होत्या आणि त्यात आशा शोधत होत्या, चार माणसं, म्हणजे बरं चाललंय, म्हणजे फार वाईट झालं नाही. आपलं ओझं हलकं करायला माणूस दुसऱ्याच्या खांद्याकडे किती पटकन बघतो!

"एक विचारू, बाई? हसू नका. त्या दीपगृहवालीचं मला काही आलं होतं का, मी गेल्यावर? मी तिला एक विचारलं होतं. इतकी वर्षं मी तिच्यावर रागावलेय. वाटायचं, हिला एवढं लिहिलं आणि हिने उत्तरसुद्धा दिलं नाही."

नाही म्हणणं सोपं होतं. पण ज्या कल्पनेतल्या मुलीला बाईंनी जन्म दिला होता तिच्यावर ही खरीखुरी मुलगी एकतीस वर्षं रागावली होती, ते बाईंना सोसवेना. "आलं होतं," त्या म्हणाल्या. टेबलाच्या खणाच्या तळातून त्यांनी घडीचा पिवळा कागद काढला.

वेणीने अंगरख्याला हात पुसले. कागद घेतला, उलगडला, आणि परत दिला. "मला कुठे येतंय आता. तुम्हीच सांगा ना काय लिहिलंय."

बाईंना आयुष्यात दुभाष्याचं काम एकदाच मिळालं, ते हे. चार ओळी होत्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"लिहिलंय... घाबरू नकोस. आत्या आपलीच असते. जा, सगळं नीट होईल. इथे समुद्र शांत आहे. कुत्रा बरा आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

वेणीने पुन्हा कागद घेतला, ठेवायला म्हणून. घडी घालता घालता थांबली. तिचं बोट पहिल्या ओळीवर टेकलं. "हे प्रोफेसोरा ना? हे मला येतं." बोट पुढे सरकलं. "आणि हे ओय." तिने फळ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा फळ्याकडे. आत्ता तिने लिहिलेल्या शब्दाच्या वरच, सकाळच्या शेवटच्या तासाच्या दोन ओळी बाईंच्या हातच्या होत्या.

"बाई, हे अक्षर तुमचं आहे."

बाईंनी मान हलवली.

"आधीची पत्रं?"

"सगळी मीच."

"दीपगृह?"

"नाही."

"कुत्रा?" बाईंनी टेबलावरची खडूची भुकटी पुसली. "लंगडासुद्धा नाही," वेणी स्वतःशीच म्हणाली. मग कागदावरची तारीख तिने वाचली. आकडे वाचायला भाषा लागत नाही. "म्हणजे मी तुम्हालाच विचारलं होतं. आणि तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

"हो."

"मग?"

या 'मग'साठी बाईंनी एकतीस वर्षं उत्तरं तयार केली होती. निघालं ते त्यातलं नव्हतं.

"टपालाला बावीस दिवस लागायचे," त्या म्हणाल्या.

व्हरांड्यातून कोणीतरी ओरडलं, "ताई, आधण आलंय, पावडर टाकू का?" वेणी उठली. "टाक," ती म्हणाली. कागद तिने अंगरख्याच्या खिशात ठेवला. दाराशी वळून म्हणाली, "चहा चारला देते. उशीर होणार नाही."

सभागृह भरलं होतं. मुख्याध्यापिका, ज्या स्वतः कधीकाळी बाईंच्या विद्यार्थिनी होत्या, भारावून बोलत होत्या. "बाईंकडून एक गोष्ट शिकावी. तेहेतीस वर्षांत त्यांनी कोणत्याही मुलाला उत्तरासाठी थांबवून ठेवलं नाही. विचारलं त्याच दिवशी उत्तर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई माइकपाशी आल्या. कागद हातात होता, दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून त्यांनी पहिलं वाक्य वाचलं.

"मला शिक्षिका व्हायचंच नव्हतं."

सगळं सभागृह हसलं. दाराशी वेणी दोन्ही हातांत चहाचा ट्रे धरून उभी होती. ती हसली नाही.